वारा कुणाच्या हातचा? पंखेवाल्यापासून होडीतल्या पंख्यापर्यंत

आजचा भाग एका फोनवरून सुरू झाला. कॉलेजचा एक मित्र हल्ली मुंबईत असतो आणि त्याला शिडाच्या होड्यांचं वेड लागलंय. मे महिन्यात तो आणि त्याचे दोन सोबती मुंबईहून गोव्याला होडीने निघणार होते. त्याने विचारलं, "केबिनमध्ये कोणता पंखा लावू? तू इंजिनिअर आहेस ना?"

आता मी सॉफ्टवेअरवाला, आणि वर दोंडाईचाचा. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो बीटेकला असताना. पण उकाडा म्हणाल तर त्यात आपला अनुभव पक्का. म्हणून शोधायला बसलो, आणि पंख्याच्या इतिहासात असा अडकलो की शेवटी स्वतःच्या घरात येऊन पोचलो. तेच आज सांगतो.

आधी मुळातला प्रश्न. होडी समुद्रावर, समुद्रावर वारा, मग पंखा कशाला? कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या गलबतांवर, मचव्यांवर खलाशी उघड्यावरच झोपत. आपल्याकडेही उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर किंवा अंगणात झोपायचं, तसंच. केबिन आली की भिंती आल्या, आणि भिंती आल्या की उकाडा आला. लाटांचं पाणी आत येऊ नये म्हणून झाकणं बंद करावी लागतात, आणि मग आत भट्टी होते.

यावरचा जुना उपाय म्हणजे कापडाचं नरसाळं. जहाजाच्या डोलकाठीला कापडाची लांब नळी टांगायची, तिचं तोंड वाऱ्याकडे करायचं आणि दुसरं टोक खाली पोटात सोडायचं. होडी नांगरावर असली की ती आपोआप वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे ही युक्ती आजही चालते. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात छताला एक झरोका होता. आजी त्याला 'सानं' म्हणायची. गरम हवा वर जाते आणि तिथून बाहेर पडते. तत्त्व साधारण तेच, वाऱ्याला वाट करून द्यायची. पुढे १९३०च्या दशकात 'डोराड' नावाच्या अमेरिकन नौकेवर एक पेटी आली. तिच्यातून हवा आत येते, पण पाणी पेटीतच अडून बाहेर वाहून जातं. आजही जगभर त्या पेटीला डोराडच म्हणतात.

पण वारा पडला की हे सगळं थंड पडतं. मग वारा 'करावा' लागतो. आणि वारा करायचा म्हटलं की प्रश्न येतो, करणार कोण?

स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने १७४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक मोठा भाता मांडला. आपल्या लोहाराकडे असतो तसा, पण जहाजाच्या पोटातली कोंदट हवा उपसणारा. तो हलवायला माणसं लागत. हा भाता गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवरही बसवला गेला. हेतू काय, तर 'माल' वाटेत कमी मरावा. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून पाच मिनिटं नुसता बसलो होतो.

जमिनीवर हीच गोष्ट आपल्या देशात घडत होती. इंग्रजांच्या बंगल्यांत, कचेऱ्यांत, कोर्टांत छताला कापडाचा लांब पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जायची आणि तिथे बसलेला पंखेवाला ती तासन् तास ओढायचा. कधी हाताने, कधी पायाच्या अंगठ्याला बांधून. रात्रभर. त्याला डुलकी लागली की आत साहेबाची झोप मोडायची, आणि मग बाहेर लाथ बसायची. त्यात पंखेवाले मेलेसुद्धा. कोर्टात साहेबाचा ठरलेला बचाव असे, 'त्याची प्लीहा मलेरियाने आधीच सुजलेली होती, म्हणून फुटली.' १८७६ साली आग्र्याच्या फुलर नावाच्या वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारलं, तो मेला, आणि शिक्षा झाली तीस रुपये दंड. व्हाइसरॉय लिटनलासुद्धा ती इतकी कमी वाटली की त्याने जाहीर ठपका ठेवला.

मग आली वीज. १८८२ साली अमेरिकेत शायलर व्हीलरने दोन पात्यांचा विजेवरचा पंखा केला. कोलकात्यात १८९९ साली वीजपुरवठा सुरू झाला आणि हळूहळू दोरी गेली. त्या पंखेवाल्यांचं पुढे काय झालं, याचं पान मात्र इतिहासात शोधावंच लागतं.

बरं, आता परत होडीकडे. होडीतली वीज बॅटरीची असते, बहुतेक १२ व्होल्ट. आपल्या रेल्वेच्या जुन्या डब्यातले पंखे आठवा. सुरत–भुसावळ पॅसेंजरमधला तो जाळीतला पंखा, जो बंद पडला की कंगव्याने पात्याला ढकलून सुरू करायचा! तोही ११० व्होल्ट डीसीवर चालायचा, डब्याखालच्या बॅटरीवर. चाकाच्या आसावर फिरणारं जनित्र ती बॅटरी चार्ज करायचं. म्हणजे होडीतल्या पंख्याचा हा आपला खानदेशी चुलतभाऊच.

आता हिशेब. १०० अँपिअर-अवरची साधी लेड-ॲसिड बॅटरी धरा. ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे हाती ५०. घरचा ७५ वॅटचा पंखा इन्व्हर्टरवर लावला तर तासाला साधारण ७ अँपिअर-अवर जातात. सात तासांत खेळ खलास, आणि त्याच बॅटरीवर दिवे, रेडिओ, जीपीएस! उलट होडीसाठीचा छोटा १२ व्होल्टचा पंखा अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेतो. दोन पंखे दहा तास चालवले तरी दहाच अँपिअर-अवर.

आणखी एक गंमत. पंख्याचा वेग अर्धा केला की हवा ढकलायला लागणारी ताकद साधारण आठवा हिस्सा उरते. म्हणून मित्राला सांगितलं, एक मोठा पंखा नको, प्रत्येक बिछान्यापाशी एक छोटा लाव आणि कमी वेगावर ठेव. पंखा हवा गार करत नाही, तो घाम सुकवतो. त्यामुळे रिकाम्या केबिनला वारा घालून उपयोग नाही, वारा अंगाला लागला पाहिजे. आपल्याकडचा कूलर किंवा वाळ्याचा पडदा तिथे कामाचा नाही. खानदेशची हवा कोरडी म्हणून ते चालतात, कोकण किनाऱ्यावर हवा आधीच ओली असते. मोटर ब्रशलेस घे, कारण ब्रशच्या मोटरीत ठिणग्या पडतात आणि होडीत गॅस नाहीतर पेट्रोल असतंच. आणि पंखा होकायंत्रापासून लांब लाव, मोटरीत चुंबक असतं.

हे सांगताना मला दिलीप दोंदे आठवत होते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका घेऊन ते १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१०मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने असं करणारे पहिले भारतीय. विषुववृत्ताजवळ वारा पडतो, शिडं लोंबतात, केबिन तापते. तिथे दोरी ओढायला दुसरं कुणी नाही. जेवढी वीज बॅटरीत, तेवढाच वारा.

आणि इथे मला माझं घर दिसलं. २००६–०७चं लोडशेडिंग आठवतं? आमच्याकडे रात्री दहाला लाईट जायची ती कधी येईल सांगता यायचं नाही. मी नऊ-दहा वर्षांचा, धाकटी बहीण तान्ही, तिच्या अंगभर घामोळं. आई शिंदीच्या पानांचा पंखा घेऊन आमच्या दोघांच्या मध्ये बसायची. हात थांबला की बहीण रडायची आणि मी झोपेतच ओरडायचो, "आई, वारा!" पहाटे नळाला पाणी यायचं, तेव्हा तीच उठलेली असायची. ती कधी झोपायची, हा प्रश्न मला वीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. पंखेवाल्याबद्दल वाचताना पडला. आमच्याही व्हरांड्यात कुणीतरी जागं होतं, आणि झोपेत ओरडणारा साहेब मी होतो.

फोन करून तिला विचारलं. ती हसली. म्हणाली, "अरे, डाव्या हाताने घालायचे, मग उजव्या. त्यात काय एवढं!"

मित्राने तीन छोटे पंखे घेतले, तिघांच्या बिछान्यांपाशी एकेक. मी दोंडाईचाला घरी २८ वॅटचा बीएलडीसी पंखा पाठवला. इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. आई म्हणते, आवाज येत नाही त्यामुळे आधी झोपच लागत नव्हती.

तुमच्या घरी वारा कोण घालायचं? जमलं तर आज त्यांना फोन करा, आणि मग आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात.