प्रेताला हात लावण्याचा प्रश्न

कलकत्त्यात 1822 साली निघालेल्या नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशनमध्ये शरीररचना शिकवली जाई ती पुस्तकांवरून आणि जनावरांच्या देहांवरून. मानवी प्रेत फाडायला लावले तर वरच्या जातींची मुले येणारच नाहीत, अशी चालकांना धास्ती होती. ती निराधार नव्हती. प्रेताचा स्पर्श म्हणजे विटाळ. घरच्या मयतानंतरही सुतक पाळावे लागे, मग कुणा अनोळखी, बेवारस माणसाच्या प्रेतावर रोज सुरी चालवणाऱ्याला पंगतीत कोण घेणार? एकट्या मुलाच्या मनातल्या किळशीपेक्षा त्याच्या बहिणीच्या लग्नाची काळजी मोठी होती.

वास्तविक सुश्रुतसंहितेत शवविच्छेदनाची रीत सांगितलेली आहे. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मऊ झालेली त्वचा कुंच्याने घासत थराथराने आतले अवयव पाहावेत, असा तो विधी. ग्रंथ पठणात राहिला, रीत मात्र केव्हाच मागे पडली.

गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या सरकारने 1835 मध्ये जुनी संस्था बंद करून कलकत्ता मेडिकल कॉलेज काढले. संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकवणारे मधुसूदन गुप्त तेथे आले. ते जातीने वैद्य आणि सुश्रुताचे जाणकार, त्यामुळे त्यांच्यावर शास्त्राच्या अज्ञानाचा आरोप करणे अवघड होते. 1836 साली त्यांनी केलेल्या पहिल्या विच्छेदनाचे जे वर्णन प्रसिद्ध आहे, ते सरकारच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष बेथून यांनी बऱ्याच वर्षांनंतर केलेले. सुरी हातात घेऊन मधुसूदन कॉलेजातले प्राध्यापक डॉ. गुडीव्ह यांच्यामागोमाग प्रेत ठेवलेल्या कोठीत गेले. विद्यार्थी दारापाशी गर्दी करून झिलमिलीच्या फटींतून डोकावत होते. छातीवर लांब, खोल छेद पडला तेव्हा बघ्यांच्या तोंडून दीर्घ उसासा बाहेर पडला. त्या दिवशी फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी झाली, ही गोष्टही हौसेने सांगतात, पण अभ्यासक तिच्याकडे संशयानेच पाहतात. प्रसंगाच्या तारखेवरही एकमत नाही. 10 जानेवारी ही रूढ तारीख. प्राचार्य ब्रॅमली यांच्या अहवालात मात्र 28 ऑक्टोबरला चार विद्यार्थ्यांनी आपण होऊन विच्छेदन केल्याची नोंद आहे. ‘आपण होऊन’ हे महत्त्वाचे. ज्यांना नको होते त्यांनी फटीतून पाहिले, आणि कॉलेजनेही काही काळ तेवढ्यावर भागवले. पुढे विच्छेदने झपाट्याने वाढली: 1837 मध्ये सुमारे 60, पुढच्या वर्षी 120.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली सुरू झाले, तोवर कलकत्त्याचा दाखला समोर होता. 1851 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग होते. दोघेही पुढे शहराच्या सार्वजनिक जीवनात मानाने वावरले. विटाळाची भीती मोडायला शास्त्रार्थापेक्षा अशा डॉक्टरांच्या प्रतिष्ठेचाच अधिक उपयोग झाला असावा.

या साऱ्या चर्चेत विद्यार्थ्याचा धर्म पुन्हा पुन्हा येतो. टेबलावरच्या माणसाचा क्वचितच. इंग्लंडमध्ये 1832 च्या कायद्याने कबरी उकरून प्रेते विकणाऱ्यांचा धंदा बुडवला, पण त्यासाठी वर्कहाऊसमध्ये मेलेल्या बेवारस गरिबांची प्रेते कॉलेजांना देऊ केली. हिंदुस्थानातही प्रेते येत ती मुख्यतः अशाच माणसांची. त्यांच्याही काही श्रद्धा असतील, आपल्याला अग्नी किंवा मूठमाती मिळावी अशी इच्छा असेल. ती विचारायला कुणी उरलेले नसे. मुंबई इलाख्यात 1949 च्या बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टने बेवारस प्रेते शिक्षणासाठी देण्याची पद्धत कायद्यात बसवली. स्वेच्छेने केलेले देहदान रुजले ते त्यानंतर. आता अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची मुले डिसेक्शन हॉलमध्ये काम सुरू करण्यापूर्वी मृतदेहाचा मान राखण्याची शपथ घेतात.