लोहगावचं चौदा सिलिंडरांचं इंजिन

चाकणच्या असेंब्ली लाइनवर रोज शेकडो इंजिनं तुमच्या डोळ्यांसमोरून सरकतात. आज मात्र साल 1966 आहे. पिंपरीत टेल्कोचा कारखाना उभा राहतोय आणि तुम्ही लोहगावला, लिबरेटर विमानाच्या पंखाखाली उभे आहात.

मान वर करा. लंबगोल काउलिंगच्या आत प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प: क्रँककेसभोवती सात सिलिंडरांचं एक कडं, त्यामागे सातांचं दुसरं. मागचे सिलिंडर पुढच्यांच्या फटींतून डोकावतात, त्यांनाही वारा लागावा म्हणून. पाणी नाही, रेडिएटर नाही. सगळी उष्णता त्या पातळ फिन्स हवेत सोडतात. कड्यात सातच का, सहा किंवा आठ का नाहीत? फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक सिलिंडर पेटवत दोन फेऱ्यांत सगळ्यांची पाळी यायची, तर संख्या विषमच लागते: 1, 3, 5, 7, 2, 4, 6. इंजिनांच्या दुनियेत याहून देखणा हिशोब मला माहीत नाही.

खालच्या सिलिंडरांचं दुखणं वेगळं. इंजिन उभं असताना तेल झिरपून त्यांच्यात साचतं. तेल दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी प्रोपेलर हाताने फिरवायचा. पात्याला हात लावा, ओढा. कुठे अडलं तर जोर करू नका. खालचा स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यायचं.

हे विमान एकदा मोडीत निघालेलं आहे. महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर्स जमशेद मुन्शी यांनी उडवत बंगळुरूला नेली, हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी ती उभी केली आणि 1948 पासून ती हवाई दलात आली. आपल्या उद्योगनगरीत त्या कामगारांचं नाव आदराने घेतलं जायला हवं.

आता बाजूला व्हा. आधी तीन नंबर, कारण हायड्रॉलिक पंप त्यालाच जोडलाय. स्टार्टरच्या चाकाचा आवाज चढत चढत किंचाळीला पोचतो, मग ते इंजिनाला जोडतात. एक सिलिंडर पेटतो, दोन चुकतात, निळा धूर अंगावर येतो आणि चौदाही लागतात. कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरची नजर तेलाच्या दाबावर आहे. काटा वेळेत चढला नाही, तर लगेच बंद. चढला. आता चार, मग दोन, मग एक, आणि सहाव्या स्क्वाड्रनचं विमान अरबी समुद्रावर टेहळणीला.