'कस्टम' शब्दाच्या अर्थच्छटा आणि वेसाव्याची वहिवाट

इंग्रजीतील 'कस्टम' या शब्दासाठी मराठीत 'रूढी' हा प्रतिशब्द सर्रास योजला जातो. परंतु तो अपुरा आहे. लॅटिन 'कॉन्सुएतुदो'पासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाला चाल, गिऱ्हाइकी, न्यायालयाने मान्य केलेला रिवाज आणि सागरी जकात असे अर्थ येऊन चिकटले. वेशभूषेचा 'कॉस्च्यूम'ही त्याच मुळाचा. नेहमी दिले जाणारे देणे ते 'कस्टम', या न्यायाने पहिल्या एडवर्डने १२७५ मध्ये लोकर व कातडे यांच्या निर्यातीवर बसविलेली जकात पुढे 'प्राचीन कस्टम' म्हणून ओळखली गेली. फारसीतून मराठीत रुळलेल्या 'दस्तूर' शब्दाचा प्रवासही असाच आहे. दस्तूर म्हणजे रीत. दस्तुरी म्हणजे रीतीने मिळणारे देणे किंवा दलाली.

वर्सोवा, म्हणजेच कोळ्यांचे वेसावे, येथे या अर्थांची गाठ पडते. साष्टीचा हा किनारा पोर्तुगीजांकडून १७३७-३९ च्या मोहिमेत मराठ्यांकडे आणि १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. खाडीपलीकडचा मढचा किल्ला या तिन्ही राजवटींत नांदला. १८७८ चा सागरी जकातीचा कायदा व त्याची जागा घेणारा १९६२ चा सीमाशुल्क अधिनियम यांमुळे मुंबईच्या बोलीत 'कस्टम' म्हणजे सरकारी खाते, हाच अर्थ दृढ झाला.

न्यायालयातील 'कस्टम' मात्र निराळा. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने असा क्रम ठरविला की, लिखित कायदा नसेल तेथे दावा उद्भवलेल्या मुलखाचा रिवाज पाहावा, आणि त्यानंतरच प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा. त्याच वर्षी आर्थर स्टील यांचे दख्खनमधील जातींच्या रिवाजांचे संकलन प्रसिद्ध झाले. विवाह, दत्तक, वारसा यांवर त्याचा मुख्य रोख होता. समुद्रकिनारा त्याच्या कक्षेबाहेरच होता. स्थानिक रूढीने प्राप्त होणाऱ्या सुविधाधिकारास १८८२ च्या कायद्याने मान्यता दिली. तो मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला.

कोळ्यांच्या जीवनास यांपैकी 'वहिवाट' हाच शब्द सर्वांत जवळचा ठरतो, कारण त्यात चालत आलेला वापर आणि कारभार असे दोन्ही अर्थ आहेत. होड्या ओढण्याची जागा, जाळी विणण्याचे अंगण, बोंबील वाळविण्याच्या वलांडी, हे सारे सातबाऱ्यापेक्षा वहिवाटीवर उभे आहे. समुद्राचीही वहिवाट आहे: नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही. केंद्र शासनाने २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर लागू केलेली ६१ दिवसांची मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, तर पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते. येथे रिवाज कायद्यापेक्षा अधिक कडक आहे, ही बाब 'रूढी म्हणजे मागासपणा' मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवी.

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने विद्यमान मच्छीमार गावे व गावठाणे यांतील घरबांधणीच्या संदर्भात पारंपरिक हक्क आणि रूढ वापर यांचा उल्लेख केला. २०११ च्या अधिसूचनेने मुंबईतील कोळीवाड्यांचे सर्वेक्षण करण्यास सांगितले, पण त्यासाठी आधार धरला १९८१ च्या विकास आराखड्यातील नोंदींचा. अर्थात रिवाज सिद्ध करण्यासाठी पुन्हा कागदच हवा. घराची भिंत मोजता येते. वलांडी पावसाळ्यात रिकामी असते, आणि त्या दिवसांत आलेल्या मोजणीदाराला तेथे केवळ मोकळी जमीन दिसते.