पंडित जाणार का? पांढुर्ण्यातल्या एका वादाची नोंद

आपल्याकडे इतिहास म्हटलं की देवगडचे गोंड राजे, नागपूरकर भोसले आणि जाम नदीतली गोटमार, इथं गाडी येऊन थांबते. क्रिकेटवर लेख कशाला, असं कोणी म्हणेल. पण २०१८ ते २०२० या काळात पांढुर्ण्यात आणि सौंसरला पानठेल्यांवर, संत्र्याच्या गाड्या भरताना आणि नागपूरच्या गाडीची वाट पाहत स्टेशनवर जो वाद मी ऐकला, तो मला क्रिकेटचा कमी आणि आपल्या इतिहासाचा जास्त वाटतो. ऐकणारी माणसं अजून आहेत तोवर लिहून ठेवलेलं बरं.

वाद साधा होता : विदर्भाचे कोच चंद्रकांत पंडित जाणार का राहणार?

ज्यांना क्रिकेटचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. पंडित मुंबईचे, यष्टिरक्षक. भारताकडून ५ कसोट्या आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. नंतर कोच झाले आणि तिथं त्यांचं नाव खेळाडू म्हणून होतं त्यापेक्षा मोठं झालं. मुंबईला त्यांनी २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ अशी तीन वेळा रणजी जिंकून दिली. शिस्तीचा कडक माणूस. २०१७च्या जानेवारीत मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली, तोही इंदूरला, आणि मुंबईनं त्यांना सोडलं. विदर्भानं उचललं.

विदर्भाची तोवरची अवस्था काय होती हे आताच्या पोरांना सांगूनही पटत नाही. १९५७-५८पासून विदर्भ स्वतंत्र संघ म्हणून रणजी खेळत होता. साठ वर्षं. एकदाही अंतिम सामना नाही. मोठे संघ नागपूरला यायचे, जिंकायचे, संत्रा बर्फी घेऊन परत जायचे. आणि पंडित आल्याच्या पहिल्याच हंगामात काय झालं? कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकला ५ धावांनी हरवलं, रजनीश गुरबानीनं दुसऱ्या डावात ७ बळी घेतले. अंतिम सामना दिल्लीशी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचे १३३, आणि १ जानेवारी २०१८ला फैज फजलच्या संघानं ९ गडी राखून रणजी जिंकली. पुढच्या वर्षी जामठ्याला, आपल्या घरच्या मैदानावर, सौराष्ट्रला ७८ धावांनी हरवून दुसऱ्यांदा. त्या सामन्यात आदित्य सरवटेनं ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली. वसीम जाफरनं चाळिशी ओलांडल्यावर त्या हंगामात हजारावर धावा काढल्या.

साठ वर्षांत काही नाही आणि दोन वर्षांत दोन. तेव्हा माणसाला भीती वाटणारच, की हा कोच आता टिकतो काय.

नागपुरात हा वाद सरळ होता. तिथं सगळे एका बाजूचे. पंडित राहावेत हीच सगळ्यांची इच्छा, प्रश्न फक्त राहतील की नाही एवढाच. आपल्याकडे तसं नव्हतं. वर मी “आपल्या घरच्या मैदानावर” असं सहज लिहून गेलो, ते खोडलं नाही मुद्दाम. जामठा महाराष्ट्रात आहे. पांढुर्णा आणि सौंसर मध्यप्रदेशात. आपला संघ कायद्यानं मध्यप्रदेशचा. तरी जामठ्याला विदर्भ जिंकला तेव्हा इथं फटाके फुटले ते काही मध्यप्रदेशसाठी नव्हते.

याचं मूळ १९५६मध्ये आहे. त्याआधी आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो, पुढे त्यालाच मध्यप्रदेश नाव मिळालं, पण राजधानी नागपूरच. कोर्ट नागपूरला, कॉलेज नागपूरला, मोठा दवाखाना नागपूरला. रणजी सुरू झाली तेव्हाही या मुलखाचा संघ मध्यप्रांत-वऱ्हाड याच नावानं खेळायचा. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसंही. राजधानी भोपाळ झाली. पण इटारसीहून येणारी रेल्वे अजूनही नागपूरलाच जाते, संत्रा नागपूरच्या बाजारात जातो आणि सोयरीकही तिकडंच होते. घरात मराठी, शाळेत हिंदी. वर्तमानपत्र नागपूरहून येणारं घेतलं तर आधी विदर्भाचा स्कोअर, हिंदी घेतलं तर आधी मध्यप्रदेशचा. ज्या घरी दोन्ही यायची त्या घरी बाप एक पान वाचायचा, पोरगा दुसरं.

म्हणून इथं वादाला तीन तोंडं होती.

पहिला पक्ष जुन्या लोकांचा. त्यांचं म्हणणं, पंडित कुठं जात नाही. “मराठी माणूस आहे, मान मिळून राह्यला, जाईन काऊन?” असा सूर. या लोकांना विदर्भ म्हणजे नागपूर आणि नागपूर म्हणजे आपलंच. दुसरा पक्ष व्यवहारी लोकांचा, त्यात व्यापारी जास्त. कोच म्हणजे करारावरचा माणूस, जिथं काम मिळेल तिथं जाणार, मुंबईनं सोडलं म्हणून आपल्याला मिळाला, उद्या दुसरा कोणी नेईल, यात रडायचं काय भाऊ? तिसरा पक्ष पोरांचा होता आणि त्यांचं बोलणं सगळ्यात बोचरं. ती म्हणायची, पंडित राहिला काय नि गेला काय, आपल्याला विदर्भ थोडाच खेळवणार आहे? आपला जन्म इथला, रहिवास इथला, आपल्याला खेळायचं तर छिंदवाडा, मग जबलपूर, मग इंदूर. नागपूर दोन तासांवर असून आपल्या कामाचं नाही. मध्यप्रदेशला असा कोच मिळाला तर काही फायदा.

खरं सांगायचं तर मी पहिल्या पक्षाचा होतो. पोरांचं म्हणणं तेव्हा मला उर्मट वाटलं होतं.

जुन्या लोकांच्या वादात एक मुद्दा मात्र कोणी काढला नाही, याचं नवल वाटतं. नागपूरचा माणूस इंदूरनं नेण्याची ही पहिली वेळ नव्हती. सी. के. नायुडू नागपूरचे. जन्म १८९५चा, शिक्षण तिथलंच, क्रिकेटही तिथंच शिकले. १९२३ साली होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले, होळकरांच्या फौजेत कॅप्टन झाले आणि मग कायमचे इंदूरचे झाले. १९२६ साली एमसीसीविरुद्ध मुंबईत ११ षटकारांसह १५३ धावांची जी खेळी झाली, १९३२ला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचं कप्तानपद मिळालं, ते सगळं नागपूर सोडल्यावरचं. पुढे त्यांच्या होळकर संघानं चार वेळा रणजी जिंकली आणि सहा वेळा अंतिम सामन्यात हरली. चौदा हंगामांत दहा अंतिम सामने! आजच्या मध्यप्रदेशचं क्रिकेट त्याच घराण्यातून आलेलं आहे. होळकर संघ संपला, मध्यभारत झाला, मग १९५६नंतर मध्यप्रदेश. म्हणजे नायुडूंच्या वारशावर हक्क सांगायचा तर नागपूर जन्माचा सांगणार, इंदूर कर्माचा सांगणार. दोन्ही खरे. आपण तर दोन्हीकडून सांगू शकतो, पण आपण एकीकडूनही सांगत नाही.

असो. २०१९-२०च्या हंगामात विदर्भ बाद फेरीतही पोचला नाही आणि मार्च २०२०मध्ये बातमी आली की पंडित मध्यप्रदेशचे कोच होणार. लगेच लॉकडाऊन लागलं. पानठेले बंद, त्यामुळे ज्या दिवशी वाद सगळ्यात जास्त पेटायला हवा होता त्या दिवसांत लोक घरात कोंडलेले. वाद मोबाइलवर झाला तो झाला. माझ्याकडे त्याची नोंद नाही, नि अशा वादाला मजाही नाही. समोरच्याच्या तोंडाकडे पाहून बोलावं लागतं.

पंडितांना गद्दार म्हणणारेही निघाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि नंतर त्यांचा मध्यप्रदेशशी असलेला जुना संबंध नीट पाहिल्यावर तर मुळीच नाही. खेळाडू म्हणून शेवटची काही वर्षं पंडित मध्यप्रदेशकडूनच खेळले. १९९८-९९च्या रणजी अंतिम सामन्यात ते मध्यप्रदेशचे कप्तान होते. बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, समोर कर्नाटक. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेऊनही शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि संघ ९६ धावांनी हरला. पहिल्या डावाच्या आघाडीवर सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक होता. त्या माणसाला ती रात्र विसरता आली नसेल. तेव्हा मध्यप्रदेशचं बोलावणं त्याच्यासाठी नुसती नोकरी असेल असं मला वाटत नाही.

२०२०-२१ला कोरोनामुळे रणजी झालीच नाही. आणि २०२२च्या जूनमध्ये मध्यप्रदेश अंतिम सामन्यात. मैदान पुन्हा चिन्नास्वामी, समोर मुंबई, पंडितांचंच माहेर. मुंबईच्या ३७४ला मध्यप्रदेशनं ५३६चं उत्तर दिलं. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार तिघांची शतकं. २६ जूनला १०८ धावा करायच्या होत्या, त्या ४ गडी गमावून झाल्या. मध्यप्रदेशची पहिली रणजी. पोरांनी कोचला खांद्यावर घेतलं आणि ते रडले. तेवीस वर्षांनी.

त्या दिवशी आपल्याकडे मी पहिल्यांदा एक शब्द ऐकला : “आपण जिंकलो.” मध्यप्रदेशबद्दल. विदर्भाबद्दल तो शब्द रोजचा होता. मध्यप्रदेशबद्दल लोक “ते” म्हणायचे, इंदूरवाले, भोपाळवाले. छिंदवाड्याबाबतही आपलं तसंच होतं, पण तो वेगळा विषय. पासष्ट वर्षं सातबाऱ्याच्या जागी खसरा-खतौनी वापरून, हिंदीत अर्ज लिहून जे झालं नव्हतं ते एका कोचच्या बदलीनं झालं. मुंबईच्या मराठी माणसानं नागपुरातून इंदूरला जाऊन आपल्याला मध्यप्रदेशचं केलं, असं मी एकदा गमतीनं म्हणालो तर एक काका रागावले. आपण आधीपासूनच मध्यप्रदेशचे आहोत म्हणाले. कागदावर होतोच की.

ऑगस्ट २०२२मध्ये पंडित कोलकाता नाइट रायडर्सचेही कोच झाले आणि पुन्हा तोच प्रश्न, आता मध्यप्रदेशकडून : जाणार का? या वेळी विचारणारी पोरं होती आणि काळजी खरी होती. ते रणजीलाही राहिले, आयपीएलही २०२४ला जिंकले.

या सगळ्याचा खरा निकाल मात्र २०२४च्या मार्चमध्ये लागला. रणजीचा उपांत्य सामना, विदर्भ विरुद्ध मध्यप्रदेश, मैदान जामठा. पांढुर्णा जिल्हा होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. गोटमारीत निदान आपण जाम नदीच्या कोणत्या काठावर उभे आहोत हे माहीत असतं. पांढुर्ण्याचा तो पांढुर्ण्याकडून, सावरगावचा तो सावरगावकडून, मग बायको पलीकडची का असेना. इथं एका घरात एका बाजेवर बसून दोघं दोन संघांचे. विदर्भ पहिल्या डावात १७०, मध्यप्रदेश २५२. मग विदर्भाचे ४०२, त्यात यश राठोडचे १४१. मध्यप्रदेशला ३२१ हव्या होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी ६ बाद २२८, यश दुबे ९४वर बाद झालेला, ९३ धावा बाकी. त्या रात्री कोणाला झोप आली असेल असं वाटत नाही. ६ मार्चला सकाळी उरलेले ४ गडी ३० धावांत गेले. विदर्भ ६२ धावांनी जिंकला. पंडित हरले, ज्या मैदानावर त्यांनी जिंकायला शिकवलं होतं तिथंच.

मी पहिल्या पक्षाचा होतो म्हणून खूश व्हायला हवं होतं. दुबे बाद झाला तेव्हा तोंडातून “अरे अरे” निघालं ते कोणासाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

पंडित गेले की विदर्भ परत साठ वर्षं मागं जाणार, हे माझं भाकीतही खोटं ठरलं. त्या वर्षी अंतिम सामन्यात विदर्भ मुंबईकडून हरला, पण पुढच्याच वर्षी, २ मार्च २०२५ला, जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी जिंकली. हर्ष दुबेनं त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. कप्तान अक्षय वाडकर, तोच १३३वाला. कोच उस्मान गनी, घरचेच. नागपूरच्या अकादमीत तयार झालेली पोरं कोच गेला तरी तिथंच होती. निदान बहुतेक. केरळच्या संघातून त्या सामन्यात आदित्य सरवटे खेळत होता, सौराष्ट्राला ११ बळी घेऊन पाडणारा, नागपूरचा.

त्याच्याबद्दल मात्र पानठेल्यावर कोणी गद्दार म्हटलं नाही. “जिथं खेळवतील तिथं खेळन नं पोरगं,” एवढंच म्हणाले, आणि हे म्हणणारे बहुतेक तिसऱ्या पक्षाचे होते. आता मिशा फुटल्यात त्यांना. त्यातल्या एकाचा धाकटा भाऊ डावखुरा फिरकी टाकतो. सकाळी छिंदवाड्याच्या बसमध्ये किट घेऊन चढताना दिसतो.