मद्याची कीर्ती आणि मद्याचे मुरणे : ओ-ब्रियोंचा दाखला

काळाबरोबर उत्तरोत्तर सरस होत जाणारे मद्य ही विशिष्ट भूमीची देणगी होय, अशी समजूत रूढ आहे. बोर्दो नगराच्या नैर्ऋत्येस पेसाक येथे असलेल्या ओ-ब्रियों या द्राक्षमळ्याच्या इतिहासाकडे पाहता ही समजूत पुन्हा तपासावी लागते. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बोर्दोचे मद्य पिंपांतून परदेशी जाई आणि वर्ष उलटते न उलटते तोच आंबट पडू लागे. साहजिकच नव्या हंगामाचे मद्य महाग आणि गतवर्षीचे स्वस्त, असा आजच्या नेमका उलट व्यवहार चाले. ग्राहकाला मळ्याचे नावही सहसा ठाऊक नसे.

ओ-ब्रियोंच्या पोंताक घराण्याने ही रीत मोडली. सोळाव्या शतकात ज्याँ द पोंताक याने हा मळा उभा केला. त्याची कीर्ती मात्र झाली ती त्याचा वंशज तिसरा आर्नो याच्या काळात. आर्नो हा बोर्दोच्या पार्लमाँचा, म्हणजे तेथील श्रेष्ठ न्यायपीठाचा, प्रथमाध्यक्ष होता. पदरी संपत्ती असल्यामुळे दर पडले तरी माल विकण्याची त्याला घाई नसे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. दुसऱ्या चार्ल्सच्या तळघराच्या हिशेबात १६६० साली या मद्याची नोंद सापडते. १० एप्रिल १६६३ रोजी सॅम्युअल पीप्सने लंडनच्या एका मद्यगृहात ते चाखले आणि त्याच्या आगळ्या चवीबद्दल आपल्या दैनंदिनीत, नावाचे वाटेल तसे लेखन करून, टिपण केले. १६६६ च्या अग्निप्रलयानंतर आर्नोचा पुत्र फ्रान्स्वा-ऑग्युस्त याने लंडनमध्ये स्वतःचे भोजनगृह थाटले. रॉयल सोसायटीचे सभासदही पुढे तेथे भोजनास जमू लागले.

१६७७ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक मुद्दाम हा मळा पाहावयास गेला. पांढरी वाळू आणि खडी यांची ती जमीन त्याला काहीच पिकण्यासारखी वाटली नाही! त्याने नोंदविलेले भाव अधिक बोलके आहेत. पूर्वी पन्नास-साठ क्राउनांना मिळणारे उत्तम मद्य ऐंशी ते शंभरावर गेले होते, आणि याचा दोष त्याने वाटेल ती किंमत मोजणाऱ्या आपल्याच देशबांधवांना दिला.

प्रस्तुत लेखकाच्या मते मुरण्याच्या गुणाचे मूळ या भावात शोधले पाहिजे. खडीतून पाण्याचा निचरा चांगला होतो, द्राक्षांच्या सालीतील तुरट द्रव्य मद्याला टिकाऊपणा देते, हे खरेच. परंतु मद्य वर्षभरात संपवावे लागे तेव्हाही जमीन तीच होती. पालटले ते उपचार : पिंपात गंधक जाळणे, आटलेले पिंप वेळोवेळी भरून काढणे, गाळ मागे ठेवून मद्य दुसऱ्या पिंपात घेणे. दगडी कोळशाच्या भट्टीतील जाड काचेच्या बाटल्या आणि घट्ट बूच यांची त्यांना जोड मिळाली. या सर्वांस मजूर, वेळ आणि अडकून पडणारे भांडवल लागते. चढा भाव मिळण्याची खात्री असल्यावाचून हा खर्च कोण करील?

१८५५ च्या सुप्रसिद्ध वर्गवारीचाही येथे विचार केला पाहिजे. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी ती तयार केली, आणि तिचा आधार होता दीर्घकाळचे बाजारभाव. तीत प्रथम श्रेणी मिळालेल्या चार तांबड्या मद्यांपैकी केवळ ओ-ब्रियों मेदोकच्या बाहेरचे. विशेष म्हणजे १७८७ मध्ये बोर्दोला आलेल्या थॉमस जेफर्सनने सर्वोत्तम म्हणून हीच चार नावे लिहून ठेवली होती. तेव्हा १८५५ च्या यादीने नवा निवाडा दिला नाही. बाजाराने केव्हाच दिलेल्या निवाड्यावर तिने शिक्का उमटविला. पुढे १९७३ मध्ये मूतों-रोथशील्डला प्रथम श्रेणीत घेतले गेले, तो अपवाद.

दरम्यान मळ्याचे धनी पालटत राहिले. जोझेफ द फ्युमेल १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेला. १८०१ ते १८०४ तालेराँ मालक होता. १९३५ मध्ये अमेरिकन धनिक क्लॅरेन्स डिलन याने मळा विकत घेतला. बोर्दोची वस्ती आता त्याला चहूकडून भिडली आहे, पण लॉकला निरुपयोगी वाटलेल्या त्या खडीवर द्राक्षवेली अजून उभ्या आहेत.