वाढदिवसाचे ताट

आपल्या मंडळाच्या वार्षिक समारंभाला आपण 'वर्धापनदिन' म्हणतो. हा शब्द आपण संस्थांना दिला तो अलीकडे. मुळात तो माणसाच्या वाढदिवसाचा शब्द होय. वर्धापन म्हणजे वाढविणे, आयुष्याची वृद्धी इच्छिणे. कमलाकर भट्टांचा 'निर्णयसिंधु' (१६१२) आणि पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्याय यांचा 'धर्मसिंधु' (१७९०) या दोन्ही ग्रंथांत वर्धापनाचा विधी दिलेला आहे. त्यात माणसाने त्या दिवशी काय खावे व काय खाऊ नये, हेही सांगितले आहे.

जन्मतिथीला अभ्यंगस्नान करावे, मार्कंडेयाची व अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप व परशुराम या सात चिरंजीवांची पूजा करावी, षष्ठीदेवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवावा आणि शेवटी तीळ व गूळ घातलेले दूध अर्धी ओंजळ प्यावे, असा तो विधी. पंचपक्वान्नांचा थाट नाही. अर्धी ओंजळ दूध एवढेच वाढदिवसाचे खरे अन्न! मार्कंडेय हा अल्पायुषी म्हणून जन्माला येऊन चिरंजीव झालेला, म्हणून त्याच्याकडे आयुष्य मागावयाचे. षष्ठी ही तर आपल्या ओळखीचीच. पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या उशाशी जिची पूजा होते, तीच ही बाळांची राखणदार. म्हणजे मूल मोठे होऊन संसाराला लागले तरी वाढदिवशी पहिला घास बाळंतिणीच्या खोलीतल्या देवतेला! त्या दिवशी नखे-केस कापू नयेत, मांसाशन करू नये, प्रवासाला निघू नये आणि भांडण करू नये, असेही शास्त्रकार सांगतात. यांतला शेवटचा नियम पाळावयास सर्वांत अवघड, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

परंतु ग्रंथांतल्या विधीपेक्षा आपल्या स्वयंपाकघरातली परंपरा मला अधिक बोलकी वाटते. रामनवमीला दुपारी बाराला आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री जन्म झाला की हातावर सुंठवडा पडतो. सुंठ, सुके खोबरे, खसखस, खारीक, साखर. हे प्रसादाचे पदार्थ म्हणून कोणी निवडलेले नाहीत, हा बाळंतिणीचा खुराक आहे. पुराणिकाचे लक्ष बाळाच्या लीलांकडे असते, पण सुंठवडा करणाऱ्या बायकांना कौसल्या व देवकी नुकत्याच बाळंत झाल्या आहेत याची आठवण राहिली. देवाच्या जन्मोत्सवात आईची विचारपूस करणारा हा एवढा एकच पदार्थ असावा.

बारशाच्या घुगऱ्यांचेही तसेच. भिजवून उकडलेले गहू किंवा हरभरे, त्यांत थोडा गूळ वा मीठ. गरिबातल्या गरिबाला परवडणारे, आणि दाणा न दळता अख्खा ठेवलेला. 'तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी' असे म्हातारी म्हणते, तेव्हा ती आपले वडीलपण घुगऱ्यांनीच सिद्ध करते. जन्माचा दाखला नव्हता त्या काळी शेजारणीच्या जिभेवरची ही चवच साक्षीला उभी राहत असे.

चीन देशातही वाढदिवसाचे अन्न असेच साधे. तिकडे त्या दिवशी दीर्घायुष्याच्या शेवया खातात. शेवई जितकी लांब तितके आयुष्य लांब, म्हणून ती कापावयाची नाही व शक्यतो दातांनी तोडावयाचीही नाही. म्हाताऱ्या माणसांच्या वाढदिवशी पीच फळाच्या आकाराचे उकडलेले गोड पाव करतात, कारण त्यांच्या पुराणांत ते फळ अमरत्व देणारे. मूल महिन्याचे झाले की लाल रंगविलेली अंडी वाटतात. या शेवयांची एक हकीकत तांग घराण्याच्या इतिहासात आली आहे. सम्राट श्वानझोंग याची मर्जी उडाल्यावर त्याच्या राणीने रडून त्याला आठवण दिली, की तुमचे दिवस वाईट होते तेव्हा माझ्या बापाने अंगातली बंडी देऊन पीठ आणले व तुमच्या वाढदिवसाच्या शेवया केल्या. सम्राटाला क्षणभर गहिवरून आले, तरी ७२४ साली तिला पदच्युत केलेच. तेराशे वर्षे होऊन गेली, पण वाचताना ती राणी परकी वाटत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. शेगावला गजानन महाराजांचा जन्मदिवस नाही, प्रकट दिन आहे, कारण त्यांचा जन्म कोणालाच ठाऊक नव्हता. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी ते लोकांना प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाताना. म्हणून त्या दिवशी घरोघरी नैवेद्य पिठले-भाकरीचा व अंबाडीच्या भाजीचा. त्या नैवेद्यात श्रीमंत-गरीब असा भेद उरत नाही.

आणि सिंदखेडराजा. लखुजीराव जाधवांच्या कन्येचा, जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा, म्हणजे पौष पौर्णिमेचा मानतात. आज त्या दिवशी तेथे माणसांचा समुद्र लोटतो. संक्रांत दोन दिवसांवर, तेव्हा तीळ आणि गूळ घराघरांत असतातच. मात्र एका मुलीचा जन्मदिवस असा गाजावाजा करून साजरा करणाऱ्या या आपल्या जिल्ह्यातच, आपल्या आज्यांचे जन्मदिवस कोणी लिहून ठेवले नाहीत. मुलाचे औक्षण होई, मुलगी ताट धरून उभी राही. कोणी १८९९-१९०० च्या दुष्काळातली, कोणी १९१८ च्या मानमोडीच्या साथीतली, एवढीच तिची जन्मनोंद. पुढे शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लिहिले, आणि अजूनही कितीतरी वयस्क भगिनींचा कागदावरचा वाढदिवस तोच आहे. खरा दिवस विचारला तर 'पोळ्याच्या करीला' किंवा 'आखाडीच्या आधल्या दिवशी' असे उत्तर मिळते. तिथी त्यात आहेच. वर्धापनाला तिथीच लागते, तारीख नव्हे.

ज्यांना घरातल्या वडीलधाऱ्या बाईसाठी हे दूध करावयाचे असेल त्यांनी पांढरे तीळ किंचित भाजून कुटावेत, गूळ किसून घ्यावा आणि दूध चांगले कोमट झाल्यावरच त्यात घालावा. उकळत्या दुधात गूळ पडला की ते नासते.