बांध राखणारा मासा

ओकिनावाच्या प्रवाळांत काळपट रंगाचा एक डॅमसेल मासा शेती करतो. लांबीला वीतभरही नाही. खडकाच्या तुकड्यावर एकाच जातीचं तांबडं शेवाळ वाढवतो आणि दुसरं काही उगवलं की तोंडानं उपटून हद्दीबाहेर टाकतो. पाणबुड्याचा हात जवळ आला तर त्याच्यावरही धावून जातो. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या मुलखाला हा स्वभाव समजावून सांगायला नको. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची भिस्त याच्याच भाऊबंदांवर राहिली: निळा डॅमसेल, तीन पट्ट्यांचा डॅमसेल आणि त्याच कुळातला क्लाउनफिश.

टाकी मात्र माशासाठी जन्मली नाही. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. पाण्यात हवा खेळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. तिचं नाव या इतिहासात सहसा येत नाही. पण टाकीतला पहिला पंप म्हणजे तिचे हात, असं मी मानतो. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर पोचला. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभं राहायला १९५१ उजाडलं.

खरी अडचण हवेची नव्हती, उत्सर्गाची होती. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो आणि बंद पाण्यात तोच त्याला मारतो. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास ओळखले होते. पण ते टाकीत वस्तीला यायचे तर त्यांना आधी अमोनिया हवा. म्हणजे कुणीतरी त्या विषात आधी राहायला हवं. १९५९ मध्ये रॉबर्ट स्ट्रॉन यांनी घरच्या खाऱ्या टाकीवर पुस्तक लिहिलं, १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवाणू वसलेले समुद्रातले ‘जिवंत’ खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची रीत मांडली, पुढे समुद्राचं मीठ पुड्यात मिळू लागलं. छंद वाढला, आणि नव्या टाकीत आधी डॅमसेल सोडायची पद्धत पडली. तो स्वस्त आणि चिवट. महिनाभराचं ते जहर सोसून बरेचसे जगत. जे मेले त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही, याचं मला वाईट वाटतं.

जगलेला मासा मग टाकीचा मालक होई. मागाहून आलेल्या नाजूक, महागड्या माशाला तो कोपऱ्यात दाबून धरी, आणि छंदिष्ट त्याला दुष्ट म्हणत. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ यांनी १९६३ च्या आपल्या आक्रमकतेवरच्या पुस्तकाची सुरुवातच प्रवाळमाशांपासून केली आहे. रंगीत मासा सर्वांत जास्त तुटून पडतो तो स्वतःच्याच जातीवर, असं त्यांना दिसलं. ही भाऊबंदकीच. पुढच्या निरीक्षकांना डॅमसेल आपलं शेवाळ खाणाऱ्या परक्या जातींनाही हाकलताना दिसला, तेव्हा लोरेन्झ यांचा नियम थोडा सैल झाला. पण त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. समुद्रात हरलेला हद्द ओलांडून निघून जातो आणि जिंकणारा बांधावरून मागे फिरतो. टाकीत हद्द संपते तिथे काच असते. मार खाणाऱ्याला जायला जागाच नाही, म्हणून तो मरतो. दुष्टपणा माशात शोधण्याआधी त्या काचेची लांबी मोजायला हवी होती.

सत्तरच्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी क्लाउनफिशची विक्रीजोगी पैदास केली. आज कितीतरी क्लाउनफिश समुद्र न पाहताच मोठे होतात. नवी टाकी मुरवायला बाटलीतला अमोनिया वापरतात, डॅमसेल नाही. आणि नवा मासा सोडायच्या दिवशी जाणते लोक आधी बाह्या सरसावून टाकीतले सगळे खडक उचलतात, जागा बदलून पुन्हा रचतात. जुना मासा गोंधळतो, आपली कपार शोधत फिरतो. तेवढ्यात नवा मासा आत सोडतात.